पगाराचा आकडा कोणी बोलायचा?



कल्याणहून एका बंधूंचे पत्र आले आहे. ते महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले. धाकटी मुलगी बी.कॉम. झाली, टॅली शिकली आणि गेली तीन वर्षे डोंबिवलीच्या एका लहान कार्यालयात हिशेबाचे काम करते. हाती २३,५०० रुपये पडतात. आता ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली आहे. पत्रात आकडा आहे वर्षाला ४,२०,००० रुपये. घरात आनंद झाला, शेजारी पेढे वाटून झाले. पण मुलगी म्हणते, सही करण्याआधी मी थोडे वाढवून मागणार. वडील म्हणतात, खुळी झालीस काय? ताटात आलेली भाकरी कोणी परत ढकलते? "आम्ही जन्मात कधी साहेबासमोर पैशाचे बोललो नाही," असे ते लिहितात, "हिने तोंड उघडले आणि त्यांनी नोकरीच काढून घेतली तर?" दोन दिवसांपासून बापलेकीचा अबोला आहे.

कंपनीने उत्तरासाठी पाचच दिवस दिले होते. अंक छापून तुमच्या हाती पडेपर्यंत ते संपणार, म्हणून त्या बंधूंशी फोनवर बोलणे करून घेतले. परंतु हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच कोणीतरी खाजगी कंपनीच्या टेबलासमोर बसते आहे, आणि घरातल्या मोठ्यांपाशी त्या प्रसंगाचा अनुभव नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम वडिलांची बाजू. त्यांची भीती खोटी नाही. महापालिका, रेल्वे, पोस्ट, एस.टी., गोदी येथे नोकरी करणाऱ्या आपल्या पिढीला पगाराचे बोलावेच लागले नाही. श्रेणी ठरलेली, महागाई भत्ता ठरलेला. वेतन आयोग आला की सर्वांचे वाढायचे, आणि बोलायचे काम युनियनचे. गिरणीतही तसेच होते. एकट्या कामगाराने मालकाशी भाव करायचा, ही गोष्ट त्यांनी पाहिलीच नाही. खाजगी कंपनीत मात्र शेजारी शेजारी बसून एकच काम करणाऱ्या दोघांच्या पगारात पाच-सात हजारांचा फरक असू शकतो. कारण एवढेच की एकाने विचारले आणि दुसऱ्याने विचारले नाही.

आणि न बोलण्याची सवय आपल्याला कोठून लागली, हेही जुन्या माणसांना ठाऊक आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात मजुरी जास्त होती. पण तेथे तुटलेले सूत तोंडाने ओढावे लागे, आणि विटाळाच्या कल्पनेपायी अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. म्हणजे पगाराचा आकडा जातच ठरवीत होती. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न आणला आणि आमच्या कामगारांना सर्व खात्यांत काम मिळावे, ही मागणी इतर मागण्यांच्या जोडीला घालावयास लावली. ते कोणाची दया मागत नव्हते. कामाची किंमत मागत होते. भीक मागणे आणि मोबदला मागणे या दोन गोष्टींना मराठीत 'मागणे' हा एकच शब्द आहे. त्यातून आपल्या मनाचा फार गोंधळ झाला आहे, असे मला वाटते.

आता त्या पत्रातला कागद पाहू. ४,२०,००० भागिले बारा म्हणजे महिन्याला ३५,०००. वडिलांनी मनात धरले की मुलीच्या हातात ३५,००० येणार. येथेच बहुतेक घरे फसतात. या आकड्याला कंपन्या सी.टी.सी. म्हणतात. त्या कामगारावर कंपनीचा वर्षभरात जो जो खर्च होणार, तो सर्व यात धरलेला असतो. हाती येणारा पगार निराळा.

त्या मुलीच्या कागदावर महिन्याचा हिशेब असा होता. बेसिक म्हणजे मूळ वेतन १७,५००. घरभाडे भत्ता ७,०००. स्पेशल अलाउन्स ४,०००. कंपनीने भरावयाचा पी.एफ. २,१००. ग्रॅच्युइटीपोटी ८४२. विम्याचा हप्ता ५५८. आणि व्हेरिएबल म्हणजे कामगिरीवर मिळणारी रक्कम ३,०००. बेरीज करा, बरोबर ३५,००० होते.

यातले दरमहा प्रत्यक्ष देय फक्त पहिले तीन, म्हणजे २८,५००. त्यातून मुलीच्या वाट्याचा पी.एफ. बाराचे टक्के २,१०० आणि व्यवसाय कर २०० कापला जाणार. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० असतो. महाराष्ट्रात महिलांना २०२३ पासून महिना २५,००० पगारापर्यंत त्यात माफी मिळाली, पण हिचा पगार त्याच्या वर जातो. एवढ्या उत्पन्नावर नव्या पद्धतीने आयकर लागत नाही. तेव्हा हाती राहिले २६,२००.

सध्या मिळतात २३,५००, आणि कार्यालय घरापासून रिक्षाच्या अंतरावर. नव्या नोकरीला कल्याणहून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, तेथून पुन्हा रिक्षा, शिवाय दुपारचे बाहेरचे खाणे. वाढ दिसते २,७०० ची, आणि त्यातली बरीचशी वाटेतच संपेल. हे गणित फोनवर ऐकून ते बंधू थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे पोरगी बरोबर बोलत होती तर."

एक खुलासा करतो. पी.एफ.चे पैसे बुडीत समजू नका. मुलीचे २,१०० आणि कंपनीचे २,१०० हे दोन्ही तिचेच आहेत, व्याजासह वाढतात. कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शनच्या खात्यात जातो. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षे सलग भरल्याशिवाय ती मिळत नाही. मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना नव्या श्रमसंहितेप्रमाणे एक वर्षानंतर तिचा हक्क येतो. जी मुलगी दोन-तीन वर्षांत नोकरी बदलण्याच्या विचारात आहे, तिने ते ८४२ रुपये आपल्या पगारात मोजू नयेत.

व्हेरिएबलचे ३,००० तर सर्वांत फसवे. ते दरमहा मिळतात, तिमाहीला मिळतात की वर्षाच्या शेवटी? माझे काम पाहून की कंपनीचा नफा पाहून? गेल्या वर्षी या खात्यातल्या लोकांना शंभरातले किती टक्के मिळाले? मध्येच नोकरी सोडली तर तोपर्यंतचे मिळतात का? एवढे प्रश्न विचारल्याशिवाय त्या रकमेवर घराचा हप्ता बांधू नये.

बेसिककडेही लक्ष असू द्या. पी.एफ., ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे यांचा हिशेब त्यावर चालतो. पूर्वी कित्येक मालक बेसिक मुद्दाम लहान ठेवून बाकी सर्व भत्त्यांत दाखवीत, म्हणजे त्यांचा पी.एफ.चा भार हलका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत वेतनाची व्याख्या अशी केली आहे की, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनातच धरावी लागते. शिवाय प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. "कागद नंतर देऊ, आधी कामाला लागा" असे कोणी म्हटले तर हे त्याला नम्रपणे सांगता येते.

विम्याबद्दल विचारायचे ते असे. तुम्ही ई.एस.आय. मध्ये येणार की कंपनीच्या मेडिक्लेममध्ये? मेडिक्लेम असेल तर त्यात आईवडील आहेत का? पुष्कळ कंपन्यांच्या पॉलिसीत फक्त नवरा-बायको-मुले असतात. अविवाहित मुलीला त्याचा उपयोग किती? घरी मधुमेहाची आई आणि गुडघ्यांनी बेजार वडील असतील तर आईवडिलांचा विमा हा हजार-दोन हजारांच्या पगारवाढीपेक्षा मोठा ठरू शकतो. या कल्याणच्या मुलीला हा प्रश्न सुचलाच नव्हता.

आता मागायचे कसे?

आधी वेळ साधा. मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत पगाराचे बोलू नये, आणि सही केल्यानंतर बोलून उपयोग नाही. कंपनीने "तुम्ही हव्यात" असे सांगितले आहे आणि तुम्ही अजून "हो" म्हटलेले नाही, हीच ती वेळ. पत्र आले की आभार माना, कागद नीट वाचून दोन दिवसांत कळविते असे सांगा. दोन दिवस मागण्यात काही उद्धटपणा नाही.

मग आपल्या कामाचा बाजारभाव काढा. आपली अडचण येथे आहे, आणि ती स्पष्टच बोलली पाहिजे. इतरांच्या घरी कोणी मामा, कोणी काका कंपनीत मॅनेजर असतो. तो रात्री जेवताना सांगतो की या कामाला एवढे मागायचे असतात. आपल्याकडे असा मामा बहुधा नसतो. म्हणून आपण एकमेकांचे मामा व्हायला हवे. पण आपल्यात पगार लपविण्याची पद्धत पडली आहे. कोणी नजर लावील म्हणून नव्हे, कमी आहे म्हणून लाज, किंवा जास्त आहे म्हणून उसनवारीची भीती! रविवारी विहारात वंदना झाल्यावर नोकरी करणारी मुले-मुली अर्धा तास थांबली, आणि कोणत्या कामाला, किती वर्षांच्या अनुभवाला, हातात किती मिळतात एवढे एकमेकांना सांगितले, तर कोणाचे काही जाणार नाही. जाहिरातीतले आकडे, सोबत शिकलेल्या मैत्रिणींचे पगार हेही विचारून घ्यावेत. तीन-चार ठिकाणचे कळले म्हणजे अंदाज येतो.

या मुलीने विचारल्यावर तिला समजले की तिच्याइतका अनुभव असलेल्यांना त्या भागात साडेचार ते पाच लाखांपर्यंत देऊ करतात. तेव्हा तिने ४,८०,००० मागावेत आणि मनात ४,५०,००० ची पायरी ठेवावी, असे ठरले. हाती किती पडतील तेही आधीच काढून ठेवले. त्याच मांडणीने ४,५०,००० ला सुमारे २८,३०० आणि ४,८०,००० ला सुमारे ३०,५००. म्हणजे महिन्याच्या सी.टी.सी.त हजार रुपये वाढले तर हाती साडेआठशेच्या आसपास येतात. हे प्रमाण लक्षात असले की फोनवर बोलताना गोंधळ होत नाही.

बोलायचे काय? लांबण लावू नये. "आपण मला घेण्याचे ठरविलेत याबद्दल आभारी आहे. मला येथे काम करावयाचे आहे. मी तीन वर्षे जी.एस.टी.ची विवरणपत्रे, टी.डी.एस. आणि बँकेचा ताळमेळ एकटीने सांभाळला आहे. या कामाचा अनुभव पाहता माझी अपेक्षा ४,८०,००० ची आहे. यात आपण काय करू शकता?" एवढेच बोलून थांबावे. समोरचा गप्प राहिला की आपल्याला घाबरून "नाही जमत तरी चालेल" म्हणण्याची घाई होते. ती घाई आवरावी. इंग्रजी तुटकमुटक असले तरी चालते. आकडा मात्र स्वच्छ बोलावा. आरशासमोर किंवा भावंडांसमोर चार वेळा म्हणून पाहिले तर जीभ अडखळत नाही.

घरच्या अडचणी मात्र सांगू नयेत. वडिलांचे आजारपण, भावाची फी, खोलीचे भाडे सारे खरे असेल. पण गरज ऐकली की भाव चढत नाही, उतरतो. आपल्या आयाबहिणींना हे वेगळे शिकवायला नको. बाजारात मेथीची जुडी घेताना त्या कधी म्हणतात का, "आज घरी भाजीच नाही, द्या कशीही"? (भाजीवालीही आपल्यातलीच एखादी मावशी असते, तिच्याशी फार ताणू नये, ही गोष्ट निराळी.)

"सध्या किती मिळतात?" हा प्रश्न येतोच. खोटे सांगू नका. कंपन्या पगारपावत्या मागतात, बँकेचा उतारा मागतात, आणि खोटे उघड झाले तर हातची नोकरी जाते. खरा आकडा सांगावा आणि लगेच जोडून म्हणावे, तो लहान कार्यालयाचा पगार आहे, येथली जबाबदारी वेगळी आहे, म्हणून माझी अपेक्षा कामावरून ठरवावी. नाहीतर पहिल्या मालकाने कमी दिले, म्हणून दुसराही कमी देतो, आणि ती खोट दहा-दहा वर्षे पाठ सोडत नाही.

दुसरा प्रश्न घरचा. वडील काय करतात, कोठे राहता, घरात कोण शिकलेले? सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या अभ्यासकांनी दिल्ली व आसपासच्या २५ मोठ्या कंपन्यांतील भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली लेख प्रसिद्ध केला. तोंडाने सर्वजण गुणवत्तेचे नाव घेत होते, पण उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' पाहणे बहुतेकांना महत्त्वाचे वाटत होते. वस्तीचे नाव आणि बापाचा धंदा कळला की पुष्कळ काही कळते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. अशा वेळी लाजू नये आणि वादही घालू नये. "वडील महापालिकेत नोकरीला होते, आता निवृत्त आहेत," एवढे ताठ मानेने सांगून पुन्हा कामाच्या विषयावर यावे. मुलींना "लग्न कधी करणार?" असेही विचारतात. त्यावर "कामावर परिणाम होईल असे काही नाही" एवढे उत्तर पुरे.

बरे, त्यांनी सरळ "नाही" म्हटले तर? सभ्य शब्दांत एकदा विचारले म्हणून दिलेली नोकरी काढून घेणारी कंपनी विरळा. तशी निघालीच, तर आत गेल्यावर ती रजेच्या अर्जावर काय करील याचा विचार करावा. बहुधा उत्तर येते की एवढे बजेट नाही. मग दुसऱ्या वाटेने जावे. व्हेरिएबलचे ३,००० पक्क्या पगारात घालता येतील काय? सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार कराल काय? आईवडिलांचा विमा द्याल काय? आठवड्यातून दोन दिवस घरून काम चालेल काय? यातले एक जरी मिळाले तरी विचारल्याचे सार्थक झाले.

प्रत्येकाला एवढी जागा मिळते असे मात्र नाही. कॉलेजातून एकदम शंभर मुले उचलणारी कंपनी सर्वांना एकच आकडा देते, तेथे ताणण्यात अर्थ नसतो. घरात दुसरा पगार नसेल आणि हाती दुसरी नोकरीही नसेल, तर विचारावे, पण "नाही" आले तरी रुजू व्हावे. आणि जे बंधू ठेकेदारामार्फत लागतात, त्यांनी आकड्याच्या आधी पगारपावती, पी.एफ.चा नंबर आणि आठवड्याची सुटी या तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. जो नोकरी देण्यासाठी उलट आपल्याकडेच 'डिपॉझिट' मागतो, त्याच्याशी बोलणेच बंद करावे.

बॉण्डची अट असेल तर दहा वेळा वाचा. दोन वर्षांच्या आत सोडल्यास इतके लाख भरा, असे लिहिलेले असते. "असे बॉण्ड कोर्टात टिकत नाहीत" असे मित्र सांगतात, त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. रक्कम कमी करा, मुदत एक वर्षाची करा, हेही पगाराइतकेच बोलण्याचे विषय आहेत. आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही कंपनीच्या कपाटात ठेवू नका. दाखवायची, छायांकित प्रत द्यायची आणि परत आणायची.

कल्याणच्या मुलीला त्यांनी ४,५०,००० कबूल केले, व्हेरिएबल तसेच ठेवले, आणि आईवडिलांचा विमा निम्मा हप्ता तिच्या पगारातून कापून देण्याचे मान्य केले. हे सर्व फोनवर झाले. वडील म्हणाले, आता उद्याच जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन टाक. तेवढे मात्र त्यांना थांबविले. फोनवरचे बोलणे ई-मेलने कळवून सुधारलेले पत्र मागावयाचे, नवे आकडे त्यात उतरलेले पाहावयाचे, मग सही, आणि सहीनंतर राजीनामा. जुन्या कार्यालयात एक महिन्याची नोटीस आहे, तेव्हा रुजू होण्याची तारीख त्याप्रमाणे लिहून घ्यावयाची. तेथून निघताना रिलीव्हिंगचे पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या घ्यावयाच्या. पी.एफ. काढून न घेता यू.ए.एन. तोच ठेवून नव्या खात्यात वळवावयाचा, म्हणजे पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे तुटत नाहीत. तो कसा वळवायचा आणि त्यात वारसाचे नाव कसे घालायचे, ते पुढील अंकी.